मोटारसायकलसाठी बूट कसे निवडायचे? (घोटा मोडल्यानंतरचा प्रश्न)

पौडफाटा
मंडळी,
जूनच्या शेवटी ताम्हिणीत पडलो. वेग शून्य होता. चहा पिऊन गाडी वळवून घेत होतो, डाव्या पायाखाली शेवाळलेली खडी आली, पाय सरकला आणि जवळपास दोनशे किलोची गाडी त्याच पायावर आडवी झाली. टपरीवाल्या मावशी आणि दोन ट्रकवाल्यांनी मिळून ती उचलली तेव्हा कुठे पाय निघाला. डोक्याला पूर्ण हेल्मेट होतं, अंगात पॅडवालं जॅकेट, हातात मोजे. पायात मात्र सकाळी पळायला जातो ते जाळीचे बूट.

घोट्याचं बाहेरचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, प्लेट बसली, सहा आठवडे पाय टेकायचा नाही. आता चालतोय. दिवाळीनंतर गाडी चालवायला हरकत नाही असं डॉक्टर म्हणालेत.

हेल्मेट घेताना मी तीन दुकानं पालथी घातली होती. पायांचा विचार एकदाही केला नाही, याची रोज चुटपुट लागते.

प्रश्न असा आहे: रोज पौड रोड ते हिंजवडी, जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर. महिन्यातून दोनदा घाट. आणि चार महिने पाऊस. या तिन्हींना पुरेल असा एकच जोड असतो का? बजेट दहा-बारा हजार. ऑफिसात दिवसभर पायात ठेवता आले पाहिजेत, म्हणून नडगीपर्यंतचे उंच बूट नकोत. अनुभव सांगा.

सह्यवेडा
लवकर बरे व्हा. मी गेली आठ वर्षं ॲक्शनचे ट्रेकिंगचे बूट घालून गाडी चालवतोय. ओल्या कातळावर त्यांच्यासारखी पकड कशाची नाही. हजारभर रुपयांत काम होतं. दहा हजार कशाला घालवायचे?

तिसरागिअर
सह्यवेडा, गडावर मीही तेच घालतो. पण पौडफाटांचा पाय गाडीखाली चिरडला आहे. कातळावरची पकड हा वेगळा विषय झाला. त्या बुटात घोट्यावर काय असतं? कापड.

निळीछत्री
वाचतेय. मला स्वतःलाही घ्यायचे आहेत आणि बायकांच्या मापाचं काहीच मिळत नाही. धागा वर राहू दे.

चेनल्यूब
सविस्तर लिहितो, कारण या विषयावर दुकानदारसुद्धा वाट्टेल ते सांगतात.

दुकानात बूट हातात घेतला की तीन गोष्टी करून बघा. पहिली, टाच एका हातात आणि चवडा दुसऱ्या हातात धरून ओला टॉवेल पिळतात तसा पिळा. पळायचा बूट सहज पिळला जातो. चांगला रायडिंगचा बूट अगदी थोडा वळतो आणि अडतो. दुसरी, तळव्याच्या सगळ्यात रुंद भागाशी दोन्ही बाजूंनी तळहात लावून आत दाबा. गाडी आडवी पडली की पाय असाच दाबला जातो. बूट कागदाच्या द्रोणासारखा मिटला तर ठेवून द्या. तिसरी, घोट्यावर दोन्ही बाजूंनी टिचकी मारा. कडक आवाज यायला हवा. काही बुटांत तिथे नुसता फोम असतो आणि त्यावर ‘प्रोटेक्शन’ असं शिवलेलं असतं. तिथेच टाचेभोवतीही कडक वाटी आहे का ते चाचपून घ्या.

मग आतला शिक्का शोधा. मोटारसायकलच्या बुटांचं युरोपीय मानक ईएन १३६३४ असं आहे. मोटारसायकलस्वाराची छोटी आकृती आणि तिच्याखाली चार आकडे असतात, प्रत्येक १ किंवा २ (२ म्हणजे वरचा दर्जा). पहिला आकडा बुटाच्या उंचीचा, दुसरा घासलं जाण्याला किती टिकतो त्याचा, तिसरा कापलं जाण्याला किती टिकतो त्याचा, आणि चौथा आडव्या दाबाला किती टिकतो त्याचा. तुमचा अपघात बघता चौथ्या आकड्याकडे सगळ्यात आधी बघा. पहिला १ असला तरी चालेल, कारण तुम्हाला उंच बूट नकोच आहेत. डब्ल्यूआर लिहिलेलं असेल तर पाणी अडवण्याची चाचणी झाली आहे, आयपीए असेल तर घोट्यावरच्या आघाताची, एफओ असेल तर सोल इंधनाला टिकतो. नुसतं ‘सीई’ छापलेलं असेल आणि आकडे नसतील तर माझ्या लेखी त्याला किंमत नाही.

एकच जोड तिन्हींना पुरतो का? पुरतो, पण घोट्याच्या वर चार बोटं येणारा, वॉटरप्रूफ आणि साध्या रंगाचा घ्या.

चाकणकर_एमआयडीसी
आमच्या कारखान्यात सेफ्टी शूज कंपनी देते. पुढे लोखंडी टोपी, आयएस १५२९८ चा शिक्का. बाजारात दीड-दोन हजाराला मिळतात. मी तेच घालून चाकण-भोसरी करतो. वीस किलोचं वजन मीटरभर उंचीवरून पडलं तरी बोटं वाचतात, अशी चाचणी असते त्यांची. मग हे का नकोत?

तिसरागिअर
लोखंडी टोपीने बोटं कापली जातात असं ऐकलंय.

चेनल्यूब
तिसरागिअर, ते सगळीकडे ऐकू येतं. टोपी वाकून बोटं तुटतील एवढं वजन पडलं, तर साध्या बुटात पायाचं काय होईल याचा विचार करा. त्या भीतीने कोणी कारखान्यात सेफ्टी शूज टाळू नयेत.

चाकणकर, चपलेपेक्षा तुमचे बूट शंभर पटीने बरे, वादच नाही. पण ती चाचणी वरून पडणाऱ्या वजनाची आहे आणि फक्त बोटांच्या जागी. घोटा बहुतेकांत उघडा किंवा मऊ असतो. शिवाय टोपीमुळे पुढचा भाग जाड होतो आणि गिअरची दांडी फक्त पुढेच असलेल्या गाडीवर बूट तिच्याखाली नीट जात नाही.

चाकणकर_एमआयडीसी
हो, हे मात्र खरं. माझी गाडी पुढे-मागे दोन्हीकडे दांडी असलेली आहे, टाचेने गिअर वर जातो. म्हणून मला कधी जाणवलं नाही. भावाच्या गाडीवर बसलो की गिअर शोधत बसावा लागतो.

हाडवैद्य_कोल्हापूर
मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे. पावसाळ्यात आमच्याकडे घोट्याचे फ्रॅक्चर रांगेने येतात, आणि त्यातले बरेचसे पौडफाटांसारखेच असतात. उभी गाडी, सिग्नल, पार्किंग, चिखल. लोकांना वाटतं हाडं फक्त वेगात मोडतात.

घोट्याच्या दोन्ही बाजूंना जी गोल हाडं हाताला लागतात, त्यांच्यावर मांसाचं आवरण जवळपास नसतं. कातडी आणि लगेच हाड. त्यामुळे रस्त्यावर घासलं तरी जखम हाडापर्यंत जाते आणि भरायला वेळ लागतो. पाय पिळला गेला तर हाडाबरोबर अस्थिबंधही जातात. कडक बूट हा पीळ आणि दाब काही अंशी स्वतःवर घेतो. बूट घातला म्हणून हाड मोडणारच नाही असं मी सांगणार नाही, पण दुखापतीत पडणारा फरक मी टेबलावर बघतो.

पौडफाटा, तुमच्यासाठी दोन गोष्टी. बाहेरच्या हाडावर प्लेट आहे, म्हणजे बुटातली घोट्याची कडक वाटी नेमकी प्लेटवर येईल. काही बुटांत ती इतकी टोचते की दोन तासांत कातडी लाल होते. दुकानात अर्धा तास घालून फिरा. मध्ये भोक असलेली फोमची चकती मिळते, ती प्लेटच्या भोवती बसवली की दाब वाटला जातो. दुसरं, घोट्याची सूज कित्येक महिने संध्याकाळी येत राहते. बूट संध्याकाळीच घ्या, आणि ज्या मोज्यांवर घालणार ते मोजे घेऊन जा.

पौडफाटा
डॉक्टर, मनापासून आभार. प्लेटचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. चेनल्यूब, घरातले सगळे बूट पिळून बघितले. एकही पास झाला नाही.

येझदी_७८
आमच्या काळी बूट घ्यायचं कारण वेगळं होतं. येझदीला किक आणि गिअर एकच दांडा. किक मारायची आणि तोच पुढे फिरवला की गिअर. बुलेटची किक उलटी आली तर पायाच्या नडगीचं किंवा तळव्याचं काही खरं नसे. अँपिअरचा काटा मधोमध आणून, डीकॉम्प्रेशनचा खटका दाबून मग किक मारायची, ही शिस्त ज्याला नव्हती तो लंगडत ऑफिसला यायचा. माझ्या वडिलांचे एसआरपीतले जुने चामडी बूट होते, ते मी कॉलेजची तीन वर्षं घातले. तळाला खिळे, रस्त्यावर टाप वाजायची. आई म्हणायची, तू येतोस की घोडा येतो?

त्या बुलेटला गिअर उजवीकडे आणि ब्रेक डावीकडे. आजच्या गाडीवर बसलो की अजूनही पहिल्या क्षणी उजवा पाय गिअर शोधतो.

सह्यवेडा
काका, येझदीवर वेगळा धागा काढाच. पहिला प्रतिसाद माझा.

म्युनिककर
इथे जर्मनीत मोटारसायकलच्या परवान्याच्या प्रात्यक्षिक परीक्षेला किमान घोटा झाकणारे मजबूत बूट लागतात. हेल्मेट, हातमोजे, जॅकेट, पाठीचं प्रोटेक्टर, तसेच बूट. नसतील तर परीक्षक परीक्षा घेत नाही. मी पहिल्या दिवशी कॅनव्हासचे बूट घालून शिकवणीला गेलो होतो, गुरुजींनी गाडीला हात लावू दिला नाही. तेव्हा रागावलो होतो, आता त्यांचे आभार मानतो.

थोडं अवांतर: आल्पाइनस्टार्स, टीसीएक्स, फॉर्मा ही गाडीच्या बुटांची सगळी नावं इटलीची. आल्पाइनस्टार्स १९६३ साली आझोलो गावात सुरू झाली, गिर्यारोहणाच्या बुटांपासून. शेजारचं माँतेबेल्लूना तर बुटांचंच गाव, स्कीचे बूटही तिथलेच. कंपनीचं नाव एका पांढऱ्या डोंगरी फुलावरून आलंय. डोंगरात चालणाऱ्यांच्या बुटांतून गाडीचे बूट निघाले हे मला फार आवडतं.

रस्ताभर
चप्पल घालून गाडी चालवली तर दंड होतो ना? व्हॉट्सॲपवर आलं होतं.

तिसरागिअर
नाही. २०१९ मध्ये दंडाच्या रकमा वाढल्या तेव्हा ही आवई उठली होती, आणि गडकरींच्या कार्यालयाने अशी तरतूद नसल्याचा खुलासा केला होता. दंड नाही म्हणून चप्पल घालू नका, एवढंच.

संत्रानगरी
नागपूरकरांचं पण ऐका. मे महिन्यात ४५ अंशात वॉटरप्रूफ बूट घालून सिग्नलला उभं राहा, मग कळेल. पाणी आत येऊ न देणारा पडदा घामाची वाफ बाहेर सोडतो म्हणतात, पण बाहेरच भट्टी असेल तर वाफ जाणार कुठे? माझ्याकडे जाळीचे हवेशीर रायडिंग बूट आहेत, घोट्याला वाटी आहे, टाच कडक आहे. पाऊस आला की भिजतात, पण वाळतातही लवकर. विदर्भात असाल तर वॉटरप्रूफच्या मागे लागू नका.

आणि सुती मोजे नकोत. घाम धरून ठेवतात, मग फोड येतात. लोकरमिश्रित किंवा पॉलिएस्टरचे उंच मोजे घ्या, बुटाच्या काठाच्या वर येणारे.

निळीछत्री
संत्रानगरी, पुण्याला उन्हाळा आहे पण पावसाळाही तितकाच मोठा. पौडफाटांना वॉटरप्रूफच हवेत असं मला वाटतं.

कुडाळी
पावसाचा विषय निघालाय तर आमचं ऐका, आमच्याकडे आभाळ फुटल्यासारखा पडतो.

वॉटरप्रूफ बुटात पाणी वरून शिरतं. पँट बुटात खोचली की पँटवरचं सगळं पाणी ओघळून बुटात. आणि एकदा आत गेलं की बाहेर येत नाही, कारण बूट वॉटरप्रूफ! आंबोली ते सावंतवाडी मी पायात दोन तळी घेऊन उतरलो आहे. रेनकोटची पँट कायम बुटाच्या बाहेर, आणि खाली वेल्क्रो नाहीतर इलॅस्टिक हवं. बुटांवर घालायची प्लास्टिकची कव्हरं मिळतात, ती मी सोडून दिली. तळाला गुळगुळीत असतात, ओल्या रंगाच्या पट्ट्यावर पाय टेकला की सटकतो. त्यापेक्षा मोज्यावर दुधाची पिशवी बरी, माझे बाबा तेच करायचे.

वाळवताना चुलीजवळ किंवा हीटरसमोर ठेवू नका, चामडं तडकतं आणि डिंक सुटतो. आतली गादी बाहेर काढा, वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन तासांनी बदला, पंख्याखाली ठेवा. चामडं असेल तर पावसाळ्याआधी मेणाचा हात द्या, नाहीतर ऑगस्टात हिरवी बुरशी.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मी चांगले महागाचे बूट खोक्यात घालून माळ्यावर जपून ठेवले होते. अडीच वर्षांनी काढले, घातले, फाटकापर्यंत गेलो आणि सोल शिळ्या भाकरीसारखा चुरा होऊन पडला. मोच्याने समजावलं, नंतर मी वाचलंही: पॉलियुरेथेनचे सोल हवेतला दमटपणा खातात आणि आतून मोडतात. न वापरता ठेवलेले लवकर जातात. त्यामुळे सेलमध्ये अर्ध्या किमतीत जुना माल दिसला तर बनवल्याची तारीख बघा. आणि घेतलेत तर घाला, जपून ठेवू नका.

चेनल्यूब
कुडाळी, हे सोनं लिहिलंत. सोलचं मी विसरलोच होतो.

रस्ताभर
लेस असलेले चालतील का? दिसायला तेच छान दिसतात.

तिसरागिअर
लेसवर माझा राग आहे, कारण मित्राला पडताना बघितलंय. नवले पुलाजवळ सिग्नलला थांबला, डाव्या लेसचा फास गिअरच्या दांडीत अडकला, पाय खाली येईना. गाडीसकट डावीकडे कलंडला. मागे रिक्षा होती, तिने वेळेत ब्रेक मारला म्हणून आज सोबत चहा पितो.

लेस हवीच असेल तर आतल्या बाजूला झिप आणि लेस झाकणारी पट्टी असलेले घ्या. नाहीतर फास बुटाच्या आत खोचायची सवय लावा, रोज, न चुकता.

हाडवैद्य_कोल्हापूर
मागे बसणाऱ्यांबद्दल कोणीच लिहिलेलं नाही. पिलियनचा पायही तितकाच गाडीखाली येतो. साडी, सँडल, उघडी बोटं, आणि एक पाय गरम सायलेन्सरशेजारी. घरात एक जोड घ्याल तेव्हा दुसऱ्याचाही हिशेब धरा.

निळीछत्री
डॉक्टर, धन्यवाद. मी स्वतः चालवते, आणि माझी अडचण ऐका. उंची पाच फूट दोन. गाडीची सीट ८०० मिलिमीटर. साध्या बुटात दोन्ही चवडे टेकतात, चप्पल घातली तर निम्मे. जाड सोलचे बूट घातले त्या दिवशी पहिल्यांदा टाचांच्या जवळपर्यंत पाय टेकला आणि गाडी एकदम हलकी वाटायला लागली. कमी उंचीच्या लोकांनी सोलची जाडी मुद्दाम बघावी. फक्त उजव्या पायाला मागच्या ब्रेकचा अंदाज जाड सोलमुळे कमी येतो. पहिले दोन दिवस रिकाम्या रस्त्यावर ब्रेकचा सराव करून घ्यावा लागला.

ते बूट पुरुषांच्या सगळ्यात लहान मापाचे होते, दोन जोड मोजे घालून बसवले. टाच उचलली जायची. शेवटी विकून टाकले. टाच उचलली जात असेल तर पडताना बूट पायातून निघून जाऊ शकतो, मग त्याचा उपयोग काय?

पौडफाटा
सगळ्यांचे आभार. दिवाळी झाली, बूट घेतले, म्हणून परत आलो.

शनिवारी संध्याकाळी मोजे आणि फोमची चकती खिशात घालून गेलो. पहिला जोड वाटी प्लेटवर रुतत होती म्हणून नाकारला. दुसरा पिळून बघितला तर गाजरासारखा वाकला, दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा झाला. तिसरा घालून दुकानात अर्धा तास फिरलो, जिना चढलो-उतरलो, पार्किंगमध्ये जाऊन गाडीवर बसलो. गुडघा वाकवून पाय पेगवर (पाय ठेवायच्या दांडीवर) ठेवला की बुटाचा काठ नडगीत टोचतो का, हे उभं राहून कळतच नाही. दुकानदारही शेवटी सोबत आला आणि म्हणाला, असं कोणी बघत नाही. घोट्याच्या वर चार बोटं, आत झिप, काळे, डब्ल्यूआर, आणि चौथा आकडा २. बजेटच्या हजारभर वर गेलो.

घरी आल्यावर पंचाईत झाली, बूट गिअरखाली जाईना. मग गिअरच्या दांडीचा बोल्ट दहा नंबरच्या पान्याने सैल केला, दांडी दात्यांवरून काढली आणि एक दाता वर बसवली. पाच मिनिटांचं काम. हे कोणाला माहीत नसेल तर नवीन बूट परत करायच्या आधी करून बघा.

पहिला आठवडा चालताना लाकडी वाटले, आता पायाच्या आकाराला आलेत. ऑफिसात पँट वरून असल्याने कोणाच्या लक्षातही आलं नाही.

काल बायकोला मागे बसवून ताम्हिणीत त्याच टपरीवर गेलो. मावशींनी आधी माझ्या पायाकडे बघितलं, वाकून बुटाला हात लावून बघितला, आणि मग चहा ओतला. पैसे घेतले नाहीत.

आता बायकोसाठी हवेत. यूके ४, पाय अरुंद. निळीछत्री, तुम्हाला काही मिळालं का?

निळीछत्री
मिळाले! युरोपियन ३७ असं माप शोधा, यूके ४ म्हणून विचारलं की दुकानदार नाही म्हणतात. बायकांसाठी वेगळे बनवतात त्यांची टाच अरुंद असते, पुरुषांचं लहान माप अजिबात घेऊ नका. वहिनींचा पाय कागदावर ठेवून पेन्सिलीने आखा, दोन्ही पाय, संध्याकाळी, आणि टाचेपासून अंगठ्यापर्यंत सेंटिमीटरमध्ये किती ते मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. माझा बरोबर साडेतेवीस आहे. जुळलं तर माझे घालून बघायला कर्वे रोडला या, मग मागवा.